अक्काची चढण

खांबाजवळ वळताना केतकी शिरगुप्पेचं उजवं पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि बाकीची केतकी वळली. एवढंच घडलं. कुणी धक्का दिला नव्हता, की कुणाच्या पायात पाय अडकला नव्हता. पुढे पळणारी पोरगी हाताच्या अंतरावर होती, केतकीनं सूर मारायला अंग झुकवलं, आणि गुडघ्याच्या आतून जाड सुतळी तुटावी तसा आवाज आला. मैदानाच्या कडेला बसलेल्या बायकांनीसुद्धा तो ऐकला, असं पुढे कितीतरी दिवस लोक सांगत होते.

केतकी सांगलीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. राज्याच्या खो-खो संघासाठी तिचं नाव दरवर्षी घेतलं जायचं आणि अगदी शेवटी गळायचं. यंदा ते गळत नाही, असं सगळेच म्हणत होते. त्याऐवजी ती मिरजेच्या एका इस्पितळात जाऊन पडली. मांडीच्या मागच्या बाजूची एक कंडरा काढून डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यात हाडं जोडून धरणारा नवा अस्थिबंध ओवला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ करायचा, बर्फ लावायचा, कुबड्या घेऊन न्हाणीपर्यंत जायचं, हे सगळं तिनं इमानेइतबारे केलं. मांडी वाळून काडी झाली होती, तीही जरा भरली. पण कुबड्या सुटल्या तरी एक गोष्ट सुटेना. खाली बघितल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नव्हतं. डोळे मिटले की उजवा पाय गुडघ्यापासून नाहीसाच व्हायचा.

"त्यात नवल काही नाही," डॉ. नसीमा मुजावर म्हणाल्या. पुनर्वसन विभागाच्या त्या प्रमुख. माणसाशी बोलतानाही त्यांची नजर त्याच्या पायांवर असायची. "अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी, असं आम्हीसुद्धा पुष्कळ वर्षं समजत होतो. पण त्या दोरीत चेतातंतूंची बारीक टोकं असतात. गुडघा किती वाकला, किती ताणला, वजन कुठं कललं, ही बातमी ती टोकं सतत मेंदूला पोचवतात. तुझी दोरी तुटली तेव्हा बातमीदारही गेले. आम्ही दोरी नवी बसवली, पण तिच्यात अजून कुणी राहायला आलेलं नाही. मेंदूला गुडघा ऐकू येत नाही, म्हणून तो डोळ्यांना विचारतो."

"मग पुन्हा येणार नाहीत का ते, मॅडम?"

"येतील की. तंतू नव्या दोरीत हळूहळू वाढत जातात. पण वर्ष लागतं, आणि मेंदू तेवढी वाट बघत नाही. ज्या वाटेनं बातमी येत नाही, ती वाट तो बुजवून टाकतो. मग तंतू आले तरी ऐकणारा कुणी नसतो. असे गुडघे दुसऱ्यांदा तुटतात."

वाट बुजू द्यायची नाही, यासाठीच तर अलीकडे नवी उपचारपद्धत निघाली होती. रुग्णाच्या गुडघ्यामागच्या मज्जातंतूवर केसाएवढी तार बसवायची. दुसऱ्या एखाद्या धडधाकट माणसाच्या गुडघ्यावर संवेदकांचा मोजा चढवायचा. तो माणूस चालला की त्याच्या गुडघ्याची बातमी पापणी लवायच्या आत रुग्णाच्या तारेत उतरायची. रुग्णाच्या पायाखालचा ट्रेडमिलचा पट्टा त्याच चालीनं सरकायचा, चढ आला की तोही तिरपा व्हायचा. पाय स्वतःचे, जाणीव उसनी. आधी डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेली चाल तारेत सोडून पाहिली होती, पण ती मेंदूनं लगेच ओळखली आणि दुर्लक्ष केलं. घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही, तसं. पुढचं पाऊल कसं पडेल हे ज्याचं त्यालाही नक्की माहीत नसतं, असा जिवंत माणूसच लागायचा.

"आणि शरीराची ठेवण जुळायला हवी," मुजावर मॅडम म्हणाल्या. "सख्खं भावंड असलं तर सोनंच. आहे कुणी?"

केतकी गुडघ्याकडं बघत म्हणाली, "बहीण आहे. लांब असते."

"लांब असली तरी चालेल. चालती-फिरती आहे ना?"

"असेल," केतकी म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो याचं तिला तिचंच वाईट वाटलं.

मृण्मयीअक्का न्यूझीलंडमध्ये डनेडिन नावाच्या गावी समुद्रशेवाळावर संशोधन करायची. लग्न करून गेली ती तिथलीच झाली. लहानपणी केतकीला खो-खो तिनंच शिकवला होता; घरामागच्या गल्लीत विजेच्या दोन खांबांमध्ये, पाठीत थाप मारून "ऊठ की गं!" असं ओरडत. ती गेल्यावर पहिल्यांदा रोज फोन यायचा. मग रविवारी. मग सणाला. आई गेली तेव्हा येऊन महिनाभर राहिली होती, पण तेव्हा दोघी बहिणींना आणि वडिलांना, तिघांनाही बोलायचं बळ नव्हतं. पुढे वाढदिवसाचे दोन शब्द तेवढे उरले. दोघींमध्ये भांडण झालेलं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

फोन केतकीनंच केला. पडद्यावर अक्का आली. केस आखूड केले होते.

"कशी आहेस?"

"बरी. तू?"

"बरीच म्हणायची." मग केतकीनं मोज्याचं सांगितलं. अक्का ऐकत होती, मध्येच तिची नजर खाली कुठंतरी जात होती.

"रोज कामावरून घरी जाते तेव्हा घातला तर चालेल ना? तेवढंच चालणं होतं माझं."

"चालेल. तुला त्रास नाही ना होणार?"

"मोजा घालण्यात कसला त्रास," अक्का म्हणाली. तिला पुढं काही बोलायचं असावं असं केतकीला वाटलं. पण दोघीही थांबल्या, आणि मग बरोबरच "ठेवते" म्हणाल्या.

*

तिकडं संध्याकाळ व्हायची तेव्हा मिरजेत सकाळचे साडेनऊ-दहा झालेले असायचे. केतकी कमरेला आधाराचा पट्टा बांधून ट्रेडमिलवर उभी राहायची. सुरुवातीला नुसत्या मुंग्या आल्या. गुडघ्यात कुणीतरी कागद चुरगळतंय, एवढंच. आठवडाभर तेच चाललं आणि तिला वाटलं, हे काही खरं नाही. मग एका सकाळी, काही ध्यानीमनी नसताना, त्या चुरगळण्याला आकार आला. गुडघा वाकला. ताणला. त्याच्यावर वजन आलं आणि उतरलं. समोरच्या भिंतीकडं बघत असतानाच तिला कळलं की आपण चालतोय, आणि ही चाल आपली नाही.

अक्का भराभर चालायची. पहिली काही पावलं तर पळाल्यासारखीच, मग कुणी दटावल्यासारखी सावकाश. थोडं सपाट झालं की चढ लागायचा. चढ म्हणजे साधासुधा नव्हे. ट्रेडमिलचं तोंड एवढं वर उचललं जायचं की केतकीला दांडी धरावी लागायची. अख्खं आयुष्य कृष्णाकाठच्या सपाट गावात गेलेल्या पोरीला असल्या चढणीची सवय नव्हती. अक्का मात्र ती एका दमात निम्मी चढायची. मग एका ठिकाणी थांबायची, गुडघा पूर्ण वाकवून खाली बसायची, थोडा वेळ तशीच, आणि उठून पुन्हा चालू लागायची. केतकीला खाली बसण्याची परवानगी नव्हती. ती दांडी धरून उभी राहायची, आणि गुडघ्याच्या आत मात्र बसलेली असायची.

घरी तिनं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे तिचे वडील. छापखाना विकून टाकल्यापासून दिवसभर घरातच. थोरल्या मुलीचं नाव त्यांच्या तोंडी क्वचित यायचं. राग नव्हता, जे दुखतं त्याला हात लावायचा नाही, असला स्वभाव.

"खाली बसते?" ताटातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं. "भर रस्त्यात?"

"रोज. एकाच जागी."

"कुत्रं असणार. तिला लळा फार."

दुसऱ्या दिवशी ते केतकीबरोबर मिरजेला आले. भिंतीकडेच्या खुर्चीत बसून केतकीच्या पावलांकडे टक लावून बघत राहिले. ट्रेडमिल तिरपी झाली, केतकी चढू लागली, तेव्हा एकाएकी त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"तीच," ते म्हणाले. "शाळेतून अशीच यायची. टाच टेकायची नाही, चवड्यावर."

मग ते रोजच यायला लागले. एखाद्या दिवशी जमलं नाही तर केतकी घरी आल्या आल्या दारातच विचारायचे, "काय म्हणाली आज?" दोघी बहिणी तासभर गप्पा मारून उठल्यात, असा स्वर असायचा. केतकीही सांगायची. आज घाईत होती. आज पाठीवर ओझं असावं. आज वाटेत कुणीतरी भेटलं. बराच वेळ एका पायावर रेलून उभी होती. ऐकता ऐकता अण्णांचा चेहरा उजळायचा. इतक्या वर्षांत फोनवरून जे कळलं नव्हतं ते आता कळत होतं.

न राहवून केतकीनं एकदा अक्काला लिहून पाठवलं : वाटेत कुत्रं भेटतं का गं?

उत्तर आलं : मांजर. लाल. तुला कसं कळलं?

गुडघा म्हणाला.

अक्कानं हसरा चेहरा पाठवला. त्या दिवशी केतकीला मैदानावर बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. पण याहून जास्त तिनं काही विचारलं नाही. विचारलं तर अक्का जपून चालायला लागेल, आणि मग ती अक्काची चाल राहणार नाही, अशी तिला भीती होती.

*

हळूहळू अक्काची चाल बदलली.

आधी केतकीला वाटलं, तारेतच काही बिघाड झालाय. गुडघा सैल वाटायला लागला होता, शिलाई उसवल्यासारखा. वेग कमी झाला. पावलांमधलं आडवं अंतर वाढलं. चढणीवर अक्का आता एका दमात जात नव्हती, दोनदा तीनदा थांबत होती. आणि मांजराच्या जागी खाली बसणं बंद झालं. नुसतं थोडं वाकायचं, आणि सावकाश सरळ व्हायचं.

मुजावर मॅडमनी पडद्यावरच्या आलेखाकडं बघितलं, मग केतकीकडं, आणि पडदा दुसरीकडं वळवला.

"मॅडम, अक्काला काही झालंय का?"

"दात्याच्या शरीराबद्दल मला तुझ्याशी बोलता येत नाही, केतकी. तू तुझ्या पायाचं बोल."

उत्तर शाळेत मिळालं. केतकी नुकतीच अर्धा वेळ कामावर जाऊ लागली होती. चित्रकलेच्या नायकवडी बाई समोरून व्हरांड्यातून येत होत्या. सातवा महिना. पावलं फाकलेली, अंग किंचित मागं, एक हात कठड्यावर. केतकी जागच्या जागी उभी राहिली. ती चाल तिच्या गुडघ्याला पाठ होती.

गरोदरपणात शरीर सगळे सांधे ढिले करतं, बाळाला वाट मिळावी म्हणून, हे तिनं शिकताना वाचलं होतं. आता ते तिच्या स्वतःच्या पायात, हजारो कोसांवरून येऊन बसलं होतं.

तिनं अण्णांना सांगितलं नाही. ही बातमी अक्कानं द्यायची होती, आणि ती कधीतरी फोन करून देईल याची केतकी वाट बघू लागली. फोन वाजला की ती धावायची, म्हणजे धावता येत नव्हतं तरी. अक्काचा फोन येत नव्हता. पण रोज सकाळी पट्टा बांधला की अक्का यायची, आणि एकटी यायची नाही. चढणीवर आता केतकी आपसूक जपून पाऊल टाकायची. ट्रेडमिलवरून पडलीच असती तर ती स्वतः पडली असती, पण तिला वाटायचं, धक्का तिकडं लागेल.

यात एक अडचण उभी राहिली. केतकीचा गुडघा बरा होत होता.

एका चाचणीत मुजावर मॅडमनी तार बंद केली, तिचे डोळे बांधले आणि तिला उजव्या पायावर उभं केलं. केतकीला गुडघा जाणवला. क्षीण, लांबून हाक यावी तसा, पण स्वतःचा. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तार जाईल, या धास्तीनं तिनं मुद्दाम तोल जाऊ दिला.

पुढच्या चाचणीलाही तसंच केलं. मॅडमनी डोळ्यांची पट्टी सोडली आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

"मांडीचा स्नायू खोटं बोलत नाही. तोल जायच्या आधी तू तो सैल सोडलास. का?"

केतकी गुडघा चोळत राहिली.

"तुझे तंतू आलेत. आता बाहेरून बातमी चालू ठेवली तर मेंदूला एका पायात दोन गुडघे ऐकू येतील. तो कुणाचं खरं मानेल, सांगता यायचं नाही. नवी दोरी जायला एक जिना पुरे होईल."

"थोडेच महिने, मॅडम."

"कशासाठी?"

"ती चालतीय तोवर," केतकी म्हणाली. मॅडमना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तार रोज नाही, एक दिवसाआड, एवढी सवलत त्यांनी नाखुशीनंच दिली. त्याच आठवड्यात शाळेच्या जिन्यावरून उतरताना केतकीच्या उजव्या पायाला वाटलं, पुढे चढ आहे. तिनं कठडा धरला म्हणून वाचली. तेही तिनं कुणाला सांगितलं नाही.

*

मग एका सकाळी तारेतून काहीच आलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. पट्टा हलत नव्हता. केतकी त्याच्यावर नुसती उभी राहून घरी येत होती. "सुट्टीवर गेली असेल," अण्णा म्हणाले, पण त्यांनीही चष्मा काढून-घालून लाल डाग पाडले नाकावर.

जेव्हा पुन्हा चाल सुरू झाली तेव्हा अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "आली, आली!"

केतकीला मात्र पहिल्या पावलातच कळलं. गुडघा अजून तसाच ढिला होता. पण त्याच्यावरचं वजन गेलं होतं. बाळंत झालेल्या बाईचं वजन जातं तसं नाही. तेवढे महिने भरलेच नव्हते. पावलं छोटी होती, घासत जाणारी, सपाटीवरसुद्धा थांबत थांबत. ट्रेडमिलनं तोंड उचलायला सुरुवात केली आणि तिथंच चाल थांबली. चढणीच्या तोंडाशी अक्का उभी राहिली. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. पुढे नाही, मागे नाही.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "यंत्र बंद पडलं का?"

मुजावर मॅडम बटणाकडे गेल्या.

"नका बंद करू," केतकी म्हणाली. "ती उभी आहे. मीही उभी राहते."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. केतकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला तिनं दांडीवरचे हात काढले नाहीत. शेवटी गुडघा सावकाश वळला आणि आल्या वाटेनं सपाटीकडे परत गेला. अक्का त्या दिवशी घरी गेली नव्हती.

केतकीनं तिथूनच, इस्पितळाच्या आवारातल्या बाकावरून, फोन लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर आवाज आला. चित्र नव्हतं.

"बोल, केतू."

"कशी आहेस?"

"बरी."

"अक्का, बरी म्हणू नकोस. मला माहितीय."

"काय माहितीय?"

"बाळाचं."

मग अक्कानं विचारलं, "हर्षदनं फोन केला का?"

"दाजींशी माझं बोलणंच नाही. मला तुझ्या गुडघ्यानं सांगितलं. केव्हापासूनचं. तू फाकून चालायला लागलीस तेव्हापासून. आणि आज..." पुढचं तिला बोलता येईना.

"म्हणजे रोज तू हे बघत होतीस?" अक्काचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी दोनदा असंच गेलं होतं, तेव्हाही नाही. म्हटलं होतं, हातात घेईन आणि मगच सांगीन. माझं ते एवढं एकच माझ्यापाशी होतं, केतू."

"मी मुद्दाम नाही गं... मांजराचं कळलं तसंच हेही कळलं."

"मांजर कळणं वेगळं," अक्का म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर मोजा तिनं घातला नाही.

*

मुजावर मॅडमनी तार काढून टाकली. छोटीशी सुईची करामत. घरी जाताना वर पट्टीसुद्धा नव्हती. "आता जे ऐकू येईल ते तुझंच," त्या म्हणाल्या.

केतकीनं सराव सुरू केला. आधी सावकाश धावणं, मग नागमोडी वळणं, मग खांब. गुडघा शहाण्यासारखा वागत होता. पण धावताना, आंघोळ करताना, फळ्यापाशी उभी असताना ती मध्येच थांबायची आणि गुडघ्याच्या आत कान लावायची. तिथं ती एकटीच असायची. शरीरात एक खोली रिकामी झाल्यासारखी वाटायची, आणि ती खोली कुणाची होती हे फक्त तिलाच ठाऊक होतं. एवढी वर्षं अक्काशिवाय काढली होती, तेव्हा असं झालं नव्हतं. तेव्हा तिला अक्काची फक्त आठवण होती. आता सवय झाली होती.

अक्कानं आधी दोनदाचं जे सांगितलं, ते तिच्या मनातून हलत नव्हतं. फोन रोजचे रविवारवर आले ते केव्हा, आणि रविवारचे सणावर आले ते केव्हा, हे आठवून बघितल्यावर तिला हिशेब लागला. लपवायचं काही असलं की माणूस आधी बोलणंच कमी करतं.

एक दिवस तिनं अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लहानपणी पडली की ती रडायची नाही. घरात यायची, मोरीत जाऊन पाय धुवायची, आणि कोपऱ्यात बसायची. तुझी आई जाऊन नुसती शेजारी बसायची तिच्या. विचारायची नाही काही."

"अण्णा, मी जाऊ का तिकडं?"

"संघाचं शिबिर आहे ना तुझं?"

"आहे."

"गुडघा झेपेल?"

"झेपेल."

"मग मला काय विचारतेस," अण्णा म्हणाले, आणि तोंड फिरवून खिडकी बंद करायला उठले. खिडकी बंदच होती.

शिबिराला येत नाही असं कळवल्यावर प्रशिक्षकांनी फोनवर पाच मिनिटं ऐकवलं. यंदा गळलीस तर वय बघता पुन्हा विचार होणार नाही, हेही सांगितलं. केतकीनं ऐकून घेतलं. अक्काला तिनं एवढंच लिहिलं : येतेय. उत्तर लगेच आलं नाही. आलं ते एका अक्षराचं होतं : ये.

*

चालकाविना धावणाऱ्या बसनं तिला चढणीच्या तोंडाशी सोडलं. संध्याकाळ होती. असला गारठा तिनं कधी अनुभवला नव्हता. समुद्राचा वारा कानात शिरत होता. दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं, आणि मध्ये सरळ आभाळाकडं निघालेला रस्ता. डोळ्यांना तो नवा होता. तिनं चालायला सुरुवात केली आणि पुढचं सगळं पायांनीच केलं. कुठं चढ वाढतो, कुठं फरशी फुटकी आहे, कुठं श्वास घ्यायला थांबावं लागतं. निम्म्यावर एका कुंपणापाशी ती आपोआप थांबली. तिथं मांजर नव्हतं. ती पुढं निघाली.

दार अक्कानं उघडलं. खूप वाळली होती.

"चढून आलीस?" अक्का म्हणाली. "असल्या गुडघ्यानं? गाडी करता येत नव्हती?"

"मला वाट माहीत होती."

अक्काच्या ओठांचा कोपरा हलला. रडू की हसू ते ठरायच्या आत तिनं केतकीची पिशवी ओढून आत नेली. त्या रात्री त्यांनी भात-आमटी खाल्ली. हर्षद कामानिमित्त दुसऱ्या गावी गेला होता. अक्कानं अण्णांचं विचारलं, छापखान्याचं विचारलं. बाळाचं कुणीच काढलं नाही. केतकीनं ठरवूनच काही विचारलं नाही. ती फक्त शेजारी बसली.

सकाळी अक्का कामावर निघाली. "बसपर्यंत येते," केतकी म्हणाली आणि बूट घालायला लागली.

दारातून बाहेर पडल्यावर रस्ता खाली जात होता. दोन पावलं टाकली आणि केतकी थबकली. अक्का मोजा घालायची ती फक्त घरी येताना. ही चढण केतकीच्या पायांना तोंडपाठ होती, पण उतार तिला कुणी दिला नव्हता. उतारावर अक्का कशी चालते, तिला माहीत नव्हतं. आणि उतार गुडघ्याला नेहमीच चढापेक्षा जड. तिनं कुंपणाला हात टेकला.

अक्का दोन पावलं पुढे गेली होती. ती परत आली, केतकीच्या उजव्या बाजूला उभी राहिली, आणि तिनं आपला दंड पुढे केला.

"आडवी चाल. सरळ उतरू नकोस. मी तशीच उतरते, तेव्हापासून."

केतकीनं तिचा दंड धरला. दोघी तिरक्या तिरक्या उतरू लागल्या, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, घाट उतरणाऱ्या गाडीसारख्या. पावलं जुळत नव्हती. एकीचं पडायचं तेव्हा दुसरीचं उचललेलं असायचं, आणि दोघींची अंगं एकमेकींवर आदळायची.

"मुलगी होती," अक्का म्हणाली. ती समोरच बघत होती. "नाकावर अण्णांसारखा उंचवटा होता. इतकी लहान, तरी दिसत होता."

केतकीनं दंड घट्ट धरला.

"नर्सनं विचारलं, हातात घ्यायचीय का. मी घेतली."

आणि मग अक्का बोलायला लागली. वारा असल्यामुळे केतकीला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागत होता. उतार संपला. थांब्यावर बस आली, दार उघडून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मागची आली, तीही गेली. दोघी थांब्यावरच होत्या. अक्काचं अजून सांगून झालं नव्हतं.